बाप्तिस्म्याचे फोटो : लेन्सची निवड आणि अदबीचे काम

वसईच्या बाजारात पांढरे कापड ठेवणाऱ्या दुकानदाराला बाराही महिने गिऱ्हाईक असते. हजला निघालेला माणूस इहरामसाठी येतो, मय्यतीच्या घरचा माणूस कफनासाठी येतो, आणि ख्रिस्ती भगिनी बाळाच्या बाप्तिस्म्याच्या झबल्यासाठी साटीन, नेट व लेस घ्यायला येतात. पांढऱ्यातही दहा पांढरे असतात, हे कापडवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी अशीच एक भगिनी काखेत आल्बम घेऊन दुकानात आली. "भाई, तुम्ही दिलेलं साटीन पिवळं निघालं," असे म्हणून तिने आल्बम गल्ल्यावर उघडला. झबलेही तिने सोबत आणले होते. ते आल्बमशेजारी ठेवून पाहिले तर कापड दुधासारखे पांढरे! आल्बमात मात्र एका पानावर ते हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखे पिवळे आणि दुसऱ्या पानावर राखेसारखे करडे. दोष कापडाचा नव्हता, फोटोचा होता. बाई समजूतदार, तिने ते लगेच मान्य केले. पण जाता जाता मनातले खरे दुःख बोलून गेली. "कापडाचं जाऊ द्या भाई. पाणी ओततानाचा फोटोच नाही. नुसती फादरांची पाठ आहे. तो क्षण आता परत कुठून आणायचा?"

फोटोवाला आमच्याच मोहल्ल्यातला पोरगा होता. मेहनती आणि व्यवहाराला चोख. निकाह, वलीमा, दुकानांची उद्घाटने यांचे फोटो तो उत्तम काढीत असे. चर्चमध्ये मात्र तो पहिल्यांदाच गेला होता. मी त्याला बोलावून घेतले. पुढे तो एका वयस्क, जाणत्या फोटोवाल्याकडे हे काम शिकायला बसला आणि कुतूहलापोटी मीही त्याच्याबरोबर बसू लागलो. तेथे जे कळले ते या धंद्यातील आपल्या बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे.

काम आहे, पण वेगळे आहे

वसई भागातील कॅथलिक समाज मराठी बोलणारा आहे. त्यांची मिस्सा, म्हणजे उपासना, मराठीत होते. १९९८ साली मुंबईपासून वेगळे होऊन वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. प्रत्येक घरात मूल जन्मले की बाप्तिस्मा होतो, पाहुणे जमतात, जेवण होते आणि फोटोवाला लागतो. तो फोटोवाला कोणत्या जमातीचा आहे हे सहसा कोणी विचारीत नाही. काम चांगले आणि वागणूक सभ्य, एवढेच पाहिले जाते. मुंबई, पुणे आणि गोव्यातही अशा कामाला तोटा नाही.

हे काम लग्नाच्या कामापेक्षा वेगळे का, ते आधी समजून घ्यावे. लग्नात हार पुन्हा घालून घेता येतो, नवऱ्या मुलाला पुन्हा बसवता येते. बाप्तिस्म्याची गोष्ट तशी नाही. चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्मा माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, तो पुन्हा देता येत नाही. म्हणून "फादर, जरा पुन्हा एकदा पाणी ओतता का?" हा प्रश्न फोटोवाल्याने तोंडातून काढायचाच नसतो. फादरांच्या दृष्टीने तो त्यांच्या पवित्र विधीचे नाटक करण्याचा प्रकार ठरेल. बाळाच्या डोक्यावर पाणी तीन वेळा ओतले जाते. या सगळ्याला फार तर दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत जे मिळाले ते मिळाले.

थोडक्यात, फोटोवाल्याला तेथे काहीही मागण्याचा हक्क नाही. उजेड मागायचा नाही, जागा मागायची नाही, वेळ मागायचा नाही. जे आहे त्यात, कोणाला कळू न देता काम करायचे. लेन्सची निवड याच अटीवरून ठरते.

उजेडाचा हिशेब

जुन्या चर्चच्या भिंती जाड, खिडक्या उंचावर आणि छत फार वर असते. बाहेर लख्ख ऊन असले तरी आत डोळ्यांना थंड वाटेल असाच उजेड असतो. आपले डोळे त्याला सरावतात, कॅमेरा सरावत नाही.

फ्लॅशवर भिस्त ठेवू नये. पुष्कळ ठिकाणी विधी चालू असताना फ्लॅशला मनाई असते. मनाई नसली तरी तोंडावर भपका आला की बाळ दचकते, रडते, आणि साऱ्या लोकांची मान फोटोवाल्याकडे वळते. घरात आपण फ्लॅशचे तोंड छताकडे करून उजेड मऊ करतो. चर्चचे छत इतके उंच असते की तो उजेड वरच विरून जातो. छत लाकडी असले तर जो थोडा खाली येतो तोही तपकिरी होऊन येतो.

मग उरतो तो लेन्सच्या तोंडाचा आकार. लेन्सवर १.८, २.८, ४, ५.६ असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड मोठे आणि आत येणारा उजेड जास्त. एफ २ वरून २.८, २.८ वरून ४, ४ वरून ५.६ अशी एकेक पायरी उतरताना उजेड निम्मा होत जातो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी १८-५५ लेन्स पूर्ण लांबीवर ५.६ वर जाते. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते.

आकड्यांत पाहू. समजा, चर्चमध्ये एफ २.८ वर, सेकंदाचा १२५ वा भाग इतक्या वेगाने आणि आयएसओ ३२०० ठेवून फोटो बरोबर येतो. त्याच वेगाने एफ २ ला आयएसओ १६०० पुरेल. एफ ४ ला ६४०० लागेल आणि ५.६ ला १२८००. आयएसओ वाढला की फोटोत रव्यासारखे दाणे दिसू लागतात, बाळाच्या गालाची नजाकत जाते. वेग कमी करून आयएसओ वाचवू म्हटले तर बाळाचे हातपाय हललेले येतात. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा लेन्समध्ये असली तरी ती आपला हात सावरते, बाळाचा पाय नव्हे. म्हणून १२५ च्या खाली जाऊ नये. पाणी ओतताना २०० किंवा २५० ठेवावे, म्हणजे पाण्याची धार ओळखू येते.

लेन्सचा पन्हा

कापड घेताना आपण आधी पन्हा विचारतो. लेन्सलाही पन्हा असतो. ठरावीक अंतरावर उभे राहिले असता किती रुंदीचे दृश्य फोटोत मावेल, तो तिचा पन्हा. त्याचा हिशेब सोपा आहे. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, अंतराला ३६ ने गुणावे आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागावे.

तीन मीटर अंतरावरून २४ मिलिमीटरच्या लेन्सला साडेचार मीटर पन्हा मिळतो. ३५ ला तीन मीटरच्या थोडे वर, ५० ला सव्वादोन मीटरच्या थोडे आत, ८५ ला सव्वा मीटर आणि २०० ला जेमतेम अर्धा मीटर. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३६ ऐवजी २४ धरावे, म्हणजे पन्हा एकतृतीयांशाने कमी होतो. तेथे ३५ ची लेन्स जवळपास ५० सारखी आणि ५० ची लेन्स ७५ सारखी वागते.

आता स्नानकुंडाजवळ कोण असते ते पाहा. फादर, आई, बाप, धर्मपिता, धर्ममाता आणि बाळ. हा घोळका सुमारे दोन मीटर रुंद असतो. तीन मीटर मागे उभे राहायला जागा मिळाली तर ५० पुरते. जागा अरुंद असेल आणि दोनच मीटर मिळाले तर ३५ लागते. फक्त बाळाचे डोके, फादरांचा हात आणि पाणी एवढेच हवे असेल तर तीन-चार मीटरवरून ८५ योग्य. आणि फादरांनी "तिकडे खांबाजवळच थांबा" असे सांगितले, तर दहा मीटरवरून २०० लाच पावणेदोन मीटर पन्हा मिळेल.

म्हणून कोणती लेन्स चांगली, या प्रश्नाला अर्थ नाही. आपल्याला कोठे उभे राहू देणार आहेत, हे आधी विचारावे. लेन्स त्यानंतर निवडावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तोंड मोठे उघडले की उजेड वाढतो, पण स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ ची लेन्स एफ १.८ वर, तीन मीटर अंतरावरून साधारण तेरा सेंटीमीटर खोलीच स्पष्ट दाखवते, म्हणजे आपल्या वितीपेक्षाही कमी. बाळाचे डोळे स्पष्ट आले तर फादरांचा हात धुरकट होईल. एफ २.८ केले तर ही खोली वीस सेंटीमीटरच्या वर जाते. ३५ ची लेन्स दोन मीटरवरून एफ २.८ ला अर्ध्या मीटरपेक्षा थोडी जास्त खोली देते. म्हणून एकटे बाळ असेल तेव्हा १.८ किंवा २ ठेवावे आणि बाळ व हात दोन्ही हवे असतील तेव्हा २.८.

काय घ्यावे, काय भाड्याने आणावे

नव्या कारागिराने सगळे एकदम विकत घेऊ नये. पहिली लेन्स ५० मिलिमीटर एफ १.८ ची घ्यावी. बहुतेक कंपन्यांच्या लेन्समध्ये ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते, वजनाला हलकी आणि दिसायला लहान. तिच्याकडे पाहून कोणी बिचकत नाही. दुसरी ३५ ची. तिसरी ८५ एफ १.८. या तिन्ही एका लहान पिशवीत मावतात. ज्याला पुन्हा पुन्हा लेन्स बदलणे जमत नाही त्याने २४-७० एफ २.८ चा विचार करावा. पण ती महाग आणि जड आहे, आणि तिचा उजेड १.८ च्या निम्म्याहून कमी.

७०-२०० एफ २.८ ही लेन्स लांबून काम करायला उत्तम. तिच्या जुन्या बनावटी सुमारे दीड किलो वजनाच्या आहेत आणि किंमतही तशीच आहे. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू भाड्याने आणावी. मोठ्या शहरांत एका दिवसासाठी लेन्स भाड्याने मिळते. काम वाढले की मग विकत घेण्याचा विचार करावा.

जुनी लेन्स घ्यायची तर मुंबईत फोर्ट भागातला बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. घेताना एका बाजूने बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, असा माल घेऊ नये. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ही बुरशी फार लवकर धरते. घरीसुद्धा लेन्स चामड्याच्या पेटीत बंद न ठेवता, हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. पावसाळ्यात पुड्या वरचेवर बदलाव्यात.

पांढरे ते पांढरेच दिसावे

आता माझ्या कापडावर आलेल्या आळाकडे वळतो. करडेपणा आणि पिवळेपणा हे दोन निराळे दोष आहेत.

करडेपणा कॅमेऱ्याच्या अंदाजातून येतो. समोर जे असेल ते मध्यम उजेडाचे आहे असे कॅमेरा धरून चालतो. समोर सगळे पांढरे झबले असले तर त्याला वाटते की उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. उपाय असा की कॅमेऱ्याच्या अंदाजावर पाऊण ते एक पायरी उजेड वाढवावा. मात्र इतकाही वाढवू नये की लेसचे नक्षीकाम धुऊन जाईल. कारागिराने विणलेली लेस फोटोत सपाट पांढरा डाग दिसली तर कापडाची निम्मी किंमत गेली असे समजावे.

पिवळेपणा दिव्यांचा असतो. जुन्या पद्धतीच्या बल्बचा आणि पिवळट एलईडीचा उजेड तांबूस, खिडकीतला उजेड निळसर आणि नळीदिव्याचा आणखी तिसराच. चर्चमध्ये हे तिन्ही एकत्र असतात. कॅमेऱ्यावर भरवसा न ठेवता कुंडाजवळच्या उजेडात करड्या रंगाचे कार्ड धरून आधी रंग बसवून घ्यावा. पांढरे कापड धरून रंग बसवू नये, कारण हल्लीच्या बऱ्याच पांढऱ्या कापडांना चमक आणणारे द्रव्य लावलेले असते. ते उन्हात निळसर चमकते आणि हिशेब चुकवते. फोटो रॉ पद्धतीने साठवावेत, म्हणजे राहिलेली चूक नंतर सुधारता येते.

विधीचा क्रम माहीत हवा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली बालकांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्याने ठरवण्यात आला. कॅथलिक चर्चमध्ये साधारण तोच क्रम असतो. तो पाठ असला की फोटोवाला धावपळ करीत नाही.

प्रथम दाराशी स्वागत होते. फादर आईबापांना बाळाचे नाव विचारतात आणि बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. मग आईबाप व धर्म-मातापिताही तशी खूण करतात. येथे जागा अरुंद असते, ३५ लावलेली असावी. त्यानंतर पवित्र शास्त्राचे वाचन आणि प्रार्थना. या वेळी फोटो कमी काढावेत, दोन-चार पुरेत. पुढे सामान्यतः बाळाच्या छातीवर तेल लावतात. मग सर्व कुंडाजवळ जातात, पाण्यावर प्रार्थना होते आणि आईबाप व धर्म-मातापिता आपल्या श्रद्धेची कबुली देतात. ही कबुली सुरू झाली की समजावे, पाणी ओतण्याची वेळ जवळ आली. लेन्स बदलायची असेल तर याच्या आधी. आमच्या पोराची चूक येथेच झाली होती. पाणी पडत होते तेव्हा तो फादरांच्या मागे उभा राहून लेन्स फिरवीत होता.

पाण्यानंतर डोक्याच्या टाळूवर सुगंधी तेल लावतात, बाळाला पांढरे वस्त्र देतात, आणि मोठ्या पास्का मेणबत्तीवरून बाळाची लहान मेणबत्ती पेटवतात. ती बहुधा बाप किंवा धर्मपिता धरतो. मेणबत्तीचा उजेड चेहऱ्यावर पडतो तेव्हा ८५ ने जो फोटो मिळतो तो घरातल्या भिंतीवर लागतो. शेवटी वेदीजवळ प्रार्थना आणि आईबापांना आशीर्वाद.

उभे कोठे राहावे? बहुतेक फादर उजव्या हाताने पाणी ओततात. त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहिले तर त्यांचा दंड आणि झगा बाळाचा चेहरा झाकतो. म्हणून त्यांच्या डाव्या अंगाला, थोडे तिरके, कुंडापलीकडे उभे राहावे. बाळ, हात आणि पाणी तिन्ही दिसतात. फादर डावखुरे असतील तर उलट. हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

अदब

ज्येष्ठ फोटोवाले म्हणत, दुसऱ्याच्या इबादतगाहात आपण गेलो तर आपल्या मशिदीत दुसऱ्याने कसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे वागावे. एवढे एक सूत्र सांभाळले तर निम्मे नियम आपोआप पाळले जातात.

आदल्या दिवशी, शक्य तर विधीच्याच वेळेला, चर्चमध्ये जाऊन यावे. फादरांना भेटून परवानगी घ्यावी. फ्लॅश चालेल का, वेदीच्या चौथऱ्यावर जाता येईल का, त्या दिवशी आणखी किती बाळे आहेत, हे विचारावे. बाळे पुष्कळ असतील तर फोटोवालेही पुष्कळ असतात. त्यांच्याशी आधीच बोलून जागा वाटून घ्याव्यात. कुंडाजवळ कोपराकोपरी शोभत नाही.

कपडे गडद, साधे, स्वच्छ. बूट आवाज न करणारे. कॅमेऱ्याचा टिकटिक आवाज बंद, फोकससाठी लागणारा लाल दिवा बंद, मागच्या पडद्यावर फोटो झळकणे बंद. हल्लीच्या कॅमेऱ्यांत आवाज न करता फोटो काढण्याची सोय आहे, ती वापरावी. पण तिच्यात एक खोच आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण बिनआवाजी शटरमध्ये फोटोवर काळे आडवे पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले तर वेग १०० वर आणावा. पाण्याच्या क्षणी जास्त वेग हवा असेल तर साधे शटर वापरावे. तेवढा आवाज पाण्यात आणि बाळाच्या रडण्यात बुडून जातो.

लोक आणि वेदी यांच्या मधून ये-जा करू नये. एकदा जागा धरली की तेथेच राहावे, फार तर दोनदा बदलावी. पाहुण्यांच्या हातात आता मोबाइल असतात आणि ऐन वेळी चार हात आडवे येतात. त्यांना आपण हटवू नये. घरच्या मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवावे, तेच पाहुण्यांना बसवतात.

बाप्तिस्मा मिस्सेमध्ये असेल तर जेव्हा सर्व लोक गुडघे टेकतात आणि शांतता होते, तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. प्रसाद घेण्याच्या रांगेत उभे राहू नये, आणि प्रसाद घेणाऱ्यांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत. क्रूसाची खूण करावी किंवा गुडघे टेकावे अशी आपल्याकडून कोणी अपेक्षा करीत नाही. आपण कामासाठी तेथे आहोत, विधीत भाग घेण्यासाठी नव्हे. शांत, आदराने उभे राहणे पुरते. ज्या बंधूला या कामाविषयी मनात शंका असेल त्याने विसार घेण्यापूर्वीच आपल्या जाणकार आलिमांना विचारून घ्यावे. विसार घेऊन ऐन दिवशी माघार घेणे हा दुसऱ्याचा घात आहे.

व्यवहार

ठरलेले सर्व कागदावर लिहावे : किती तास, किती फोटो, आल्बम कोणता, कधी देणार. पाणी ओततानाचा फोटो फादरांच्या सूचनेवर अवलंबून आहे, हेही आधी सांगावे. शक्य तर दोन कॅमेरे न्यावेत, एकावर ३५ आणि दुसऱ्यावर ८५. म्हणजे ऐन वेळी लेन्स बदलावी लागत नाही आणि एक बंद पडला तर दुसरा चालतो. कार्डातले फोटो घरी येताच दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत.

बाळाचे फोटो ही अमानत आहे. दुकानाच्या काचेत लावायचे असोत किंवा मोबाइलवर सर्वांना दाखवायचे असोत, आईबापांना विचारल्याशिवाय तसे करू नये. नाही म्हणाले तर तो विषय तेथेच संपवावा.

शेवटी

ती भगिनी आल्बम घेऊन गेली त्याला दोन वर्षे झाली होती. एके दिवशी ती पुन्हा दुकानात आली, धाकट्या बाळाच्या झबल्याला दोन मीटर साटीन घ्यायला. मी कापड मोजता मोजता त्या पोराचा विषय काढला. तो आता शिकला आहे, एकदा संधी द्या, असे म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जबाबदारी घेता का भाई?" मी घेतली, पण खरे सांगतो, त्या रविवारपर्यंत मला चैन नव्हते.

पोरगा शनिवारी चर्च पाहून आला, पावलांनी अंतर मोजून आला, फादरांना भेटून आला. रविवारी तो कोठे उभा होता हे निम्म्या पाहुण्यांना कळलेच नाही. पंधरा दिवसांनी बाई आल्बम दाखवायला आली. पाण्याची धार बाळाच्या कपाळावरून ओघळते आहे, फादरांची बोटे स्पष्ट आहेत, आणि मागे आईचा चेहरा थोडा धूसर, पण तिचे ओले डोळे ओळखू येतात. झबले पांढरे होते, आणि लेसचा एकेक धागा दिसत होता.

पोराला तो फोटो आपल्या दुकानात लावायची फार इच्छा होती. आईबापांनी नको म्हटले, म्हणून त्याने लावला नाही. त्यानंतर त्याच गावातून त्याला तीन घरांची कामे मिळाली. फोटो कोणी पाहिला नव्हता, लोकांनी त्याचे वागणे पाहिले होते.